मधमाशांचे गोचीड

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बीबी गावाजवळच्या आमच्या शेतातल्या बारा मधपेट्यांपैकी नऊ पेट्यांत माइट आढळले.

त्याआधी काही दिवस पेट्यांसमोरच्या मातीत पंख चुरगळलेल्या माशा सरपटताना दिसत होत्या. त्या उडायचा प्रयत्न करत, जागच्या जागी भिरभिरत आणि उलट्या पडत. वहिनींनी प्रत्येक पेटीतल्या मूठभर माशा काचेच्या बरणीत घेतल्या, बरणीच्या तोंडाला जाळी बांधली, वरून पिठीसाखर घातली आणि बरणी हलवून पांढऱ्या ताटात उलटी धरली. साखरेबरोबर मोहरीहून लहान, चपटे, तांबूस ठिपके ताटात पडले. पाणी शिंपडल्यावर साखर विरघळली आणि ठिपके चालू लागले.

"हे तं गोचीड हाये," वहिनी म्हणाल्या. "ढोराले मोठा लागते, माशीले लहान."

माइट हा शब्द मी पुस्तकातून आणला होता. शेतात शेवटपर्यंत गोचीड हाच शब्द राहिला.

पेट्या वहिनींच्या. थोरला भाऊ शेगावला एका लॉजवर व्यवस्थापक आहे, त्यामुळे शेत त्याच पाहतात. मी वर्तमानपत्राच्या कचेरीतून निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा पेट्यांबद्दल वाचण्याची आणि त्या तपासण्याची कामे माझ्याकडे आली. उघडणे, बंद करणे आणि ठरवणे वहिनींकडेच होते.

आमच्या धुऱ्यापलीकडचे, बांधाला बांध लागून असलेले शेत चाचांचे. सत्तरी ओलांडलेले, कानावर मफलर, बोलण्यात वऱ्हाडी आणि हिंदीची सरमिसळ. त्यांच्या घराचे स्वतःचे कांद्याचे वाण आहे. फिकट लाल, बुडाला चपटे आणि पावसाळ्यातही न सडणारे. ते त्यांच्या वडिलांनी निवडत निवडत आणले होते. दरवर्षी चांगले कांदे बाजूला काढायचे, ते पुन्हा जमिनीत लावायचे, दांड्यावर गोंडे फुलले की त्यातले बी धरायचे, अशी ती पद्धत. कांद्याचे बी वर्षभरानंतर नीट उगवत नाही, म्हणून साठवून ठेवण्याला अर्थ नसतो. त्या वर्षी निवडलेले सगळे कांदे चाचांनी धुऱ्यालगतच्या तुकड्यात लावले होते. मागचे बी संपले होते. गोंड्यांत बी धरले नाही तर ते वाण तिथेच संपणार होते.

बी धरायला माशी लागते. पूर्वी ती चिंता नव्हती. विहिरीजवळच्या वडावर आग्यामोहोळे असत. दिवाळीच्या आधी मध काढणाऱ्यांनी मशाली लावून ती जाळली. नंतर एक फिरता मधपाळ ट्रकभर पेट्या घेऊन गावात आला, तेव्हा चाचा त्याच्याशी बोलायला निघाले होते. वहिनींनी त्यांना अडवले. थोडा बियाण्याचा कांदा आमच्याही शेतात होता. आमच्या पेट्या धुऱ्यावर ठेवू, दोन्ही शेतांना पुरतील, असे त्या म्हणाल्या. चाचांनी त्या शब्दावर ट्रक परत पाठवला.

माइट सापडल्याचे वहिनींनी त्याच दिवशी चाचांना धुऱ्यावर बोलावून सांगितले.

"किती पेट्या ऱ्हातीन?" चाचांनी विचारले.

"औषध लागलं तं सगळ्या."

"अन् नाई लागलं तं?"

"तं तुमचा ट्रक मी कायले वापस लावला म्हनून बसीन."

चाचांनी खिशातून फोन काढला आणि त्या मधपाळाला लावला. मधपाळ तोवर देऊळगावकडे उतरला होता. त्याच्या सगळ्या पेट्यांची जागा ठरलेली होती. परत येणे जमणार नाही असे त्याने सांगितले, पण औषधाचे काय ते विचारा, म्हणाला. तो राग धरून बोलला नाही.

औषध निवडायला पुढचे काही दिवस गेले. कृषी केंद्राच्या दुकानदाराने पिकावरचा लाल कोळी मारणारी बाटली पुढे केली. वहिनींनी ती झाकणही न उघडता परत सरकवली. "हे कोळी मारीन, माशी मारीन अन् उरलं तं मले मारीन," असे त्यांनी त्याला सांगितले.

गंधक आमच्या घरातला जुना उपाय. भुकटी चौकटींच्या वरच्या पट्टीवर भुरभुरायची. वहिनी दोन हिवाळे तेच करत होत्या आणि त्या वर्षीही केले होते. अडचण अशी की हा प्राणी बहुतेक वेळ माशीच्या अंगावर नसतोच. मेणाने बंद केलेल्या घरांत, वाढत्या पिल्लाजवळ तो राहतो आणि तिथेच त्याची पैदास होते. भुकटी तिथे पोचत नाही. गंधक टाकूनही नऊ पेट्यांत गोचीड होते, ही ताटात दिसलेली गोष्ट होती.

मधपाळ स्वतः औषधी पट्ट्या वापरत असे. त्या चौकटींमध्ये कित्येक आठवडे लटकवून ठेवाव्या लागतात. म्हणजे कांदा फुलायला लागला तरी त्या पेटीतच राहिल्या असत्या. शिवाय पट्ट्यांचा पूर्वीइतका गुण येत नाही, हे त्यानेच फोनवर मान्य केले. ओव्याच्या फुलाचा, म्हणजे थायमॉलच्या खड्यांचा उपाय पुस्तकात होता, पण त्याची वाफ व्हायला ऊब लागते आणि शेतात सकाळी दवाने पायताण भिजत होते.

उरले फॉर्मिक ॲसिड. त्याची वाफ बंद घरांच्या मेणातून आत जाते. काम थोड्या दिवसांत संपते. ते डिसेंबरच्या हवेत चालते, पुढे उन्हे तापली की राणीमाशीला सोसत नाही. हाताला लागले तर कातडी जळते. आणि पेटीला वारा मोकळा हवा, नाहीतर वाफ आत कोंडते.

"मुंगी चावली की जे झोंबते ना, तेच ॲसिड," मी चाचांना सांगितले.

"मंग बाटली कायले आनता, पेपरवाले? मुंग्याच सोडा ना पेटीत. फुकटात काम."

वहिनी हसल्या नाहीत. ॲसिडला त्यांचा विरोध होता. एकदा बॅटरीचे पाणी हातावर उडून त्यांच्या मनगटावर डाग राहिला आहे. तो त्यांनी बोलताना दोनदा चोळला. शेवटी म्हणाल्या, "पयले सहा पेट्या. बाकीच्याइचं मंग पाहू."

जालन्याहून बाटली आणली. वेल्डिंगच्या दुकानातून डोळ्यांचे चष्मे आणले, जाड रबरी मोजे आणले. ॲसिड लहान बाटल्यांत घालून त्यात कापसाची वात सोडायची होती, म्हणजे ते हळूहळू उडते. वाती वहिनींनी वळल्या. देव्हाऱ्यासाठी वळतात तशाच, मांडीवर, पण अंगठ्याएवढ्या जाड.

थंडी पडली की आमच्याकडे संध्याकाळी पेट्यांना गोणपाट गुंडाळतात आणि सकाळी ऊन आले की काढतात. गुंडाळणे आणि काढणे, दोन्ही कामे वहिनींची. बुधवारी संध्याकाळी सहा पेट्यांत बाटल्या ठेवून झाल्यावर त्यांनी त्या सहांचे गोणपाट घड्या करून धुऱ्यावरच्या दगडावर ठेवले आणि उरलेल्या सहांना रोजच्यासारखे गुंडाळले. "याइले आज हवा पायजे," असे त्या मला म्हणाल्या. चाचा तेव्हा तिथे नव्हते. दुसरा दिवस गुरुवार होता. वहिनी दर गुरुवारी सकाळच्या एसटीने शेगावला जातात. समाधीचे दर्शन होते आणि भावाला डबा पोचतो. जाण्याआधी त्यांनी शेतात येऊन उरलेल्या पेट्यांचे गोणपाट काढावे की नाही हा प्रश्न होता. मी काढीन, असे मी सांगितले. मी सकाळी जाऊन अलीकडच्या टोकाच्या त्या सहांचे गोणपाट काढले आणि लोणारला चष्म्याच्या दुकानात गेलो. ॲसिडच्या पेट्या शेताच्या दुसऱ्या टोकाला, तुरीच्या आड होत्या. एक दिवस तिकडे कोणी फिरकायचे नाही असे ठरले होते.

गुरुवारी दुपारनंतर वहिनी एसटीतून उतरून तशाच शेतात गेल्या. प्रसादाची पिशवी हातातच होती. मी पोचलो तेव्हा त्या एका पेटीजवळ बसून सुतळीची गाठ सोडत होत्या.

सहाही पेट्या गोणपाटात होत्या. पक्क्या गुंडाळलेल्या, सुतळीने आवळलेल्या. दिवसभराचे ऊन त्यांच्यावर पडले होते. माशा पेटीच्या पायांवर आणि पुढच्या फळीवर घोसाने लटकल्या होत्या. गोणपाट सुटल्यावर आतून जो वास आला त्याने दोघांच्याही डोळ्यांतून पाणी आले. बाटल्या काढल्या, झाकणे उघडी टाकली. एका पेटीच्या तळाशी राणीमाशी मेलेली मिळाली. आणखी दोन पेट्यांत राणी राहिली नाही, हे पुढे नवी अंडी दिसली नाहीत तेव्हा ठरले.

चाचा रोज संध्याकाळी धुऱ्यावर चक्कर मारत. त्या दिवशीही आले. मोकळे पडलेले गोणपाट पाहून ते थांबले.

"काऊन काढले बेटा? थंडी हाये."

"कोनं बांधले?" वहिनींनी विचारले.

"म्याच. काल आलो तं सहा पेट्या उघड्या, गोनपाट दगडावर. म्हटलं, शेगावच्या घाईत विसरली पोरगी."

"सुतळी बी तुम्हीच बांधली?"

"वारं होतं ना."

वहिनी सुतळीचा तुकडा बोटाला गुंडाळत राहिल्या. "गाठ मस्त बसवली चाचा. सुटता सुटेना."

मग त्यांनी वाफेचे सांगितले. चाचा दगडावर बसले. मफलर सोडून त्यांनी मांडीवर घेतला.

"मले सांगाचं होतं," ते म्हणाले.

"तुम्ही इचाराचं होतं."

"हाव. तेही हाये."

तिघांनी मिळून पेट्या बंद केल्या. प्रसादाची पिशवी वहिनींनी चाचांच्या हातात दिली आणि त्यांनी ती घेतली.

औषध पुन्हा निवडावे लागले. वहिनी गंधकावर परत आल्या होत्या. गंधकाने गोचीड मरत नसेल, पण राणीही मरत नाही, असे त्यांचे म्हणणे. माझ्याकडे एकच खात्रीची गोष्ट होती. ॲसिडच्या पेट्यांच्या तळाशी मी आधीच तेल लावलेला पांढरा कागद सरकवून ठेवला होता. तो बाहेर काढल्यावर तांबड्या ठिपक्यांनी भरलेला होता आणि त्यातला एकही हलत नव्हता. राणी वाचलेल्या तीन पेट्यांत बरणीची चाचणी पुन्हा केली. ताटात जवळजवळ काही पडले नाही.

वहिनींनी कागद चाचांपुढे धरला. "बी तुमचं हाये. तुम्ही सांगा."

"मी नाई सांगनार."

"काऊन?"

"मी सांगतलं अन् अजून काई झालं तं? तू गंधक म्हन, गंधक. ॲसिड म्हन, ॲसिड. मी मान हालवतो."

"म्हनजे निखारा माह्या पदरात."

"तुह्या पदराले सवय हाये," चाचा म्हणाले. "माहा मफलर नवा हाये."

या वेळी वहिनी हसल्या. त्यांनी उरलेल्या सहा पेट्यांनाही ॲसिड द्यायचे ठरवले. अट एकच होती, की बाटल्या काढेपर्यंत शेतात गोणपाट राहता कामा नये. चाचांनी सगळे गोणपाट एकावर एक ठेवून गठ्ठा बांधला.

"हे मी घरी नेतो. इथं ऱ्हाले तं माहे हात वळवळतीन."

त्या सहा पेट्यांत बाटल्या ठेवल्या तेव्हा वहिनी शेगावला गेल्या नाहीत. भाऊच त्या आठवड्यात घरी आला. एकही राणी गेली नाही.

राणी गेलेल्या तीन पेट्यांचा प्रश्न वेगळा होता. त्यांचे मधपाळाने फोनवर सांगितले. कामकरी माशा उरलेल्या कोवळ्या अळ्यांतून नवी राणी स्वतः वाढवतात, तिला वेळ लागतो. तोवर जुनी पिल्ले बाहेर पडून जातात आणि नवी अंडी नसतात. म्हणजे बंद घर एकही राहत नाही, गोचिडाला लपायला जागा राहत नाही, सगळे माशांच्या अंगावर येतात. त्या वेळी ऑक्झॅलिक ॲसिड साखरेच्या पाकातून चौकटींमध्ये थेंब थेंब सोडले तर काम होते. राणी असलेल्या, पिल्लांनी भरलेल्या पेटीत त्याचा एवढा उपयोग नसतो. त्याने सांगितलेले सगळे वहिनींनी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतले. मग त्याप्रमाणे केले.

दोन पेट्यांत नवी राणी तयार झाली, बाहेर उडून आली आणि अंडी घालू लागली. तिसऱ्या पेटीची राणी उडाली ती परतली नाही. शेतावरच्या विजेच्या तारेवर त्या दिवसांत माशा खाणारे वेडे राघू बसत. त्यांपैकी एकाने टिपली असावी असा अंदाज होता, पाहिले कोणी नव्हते. ती पेटी शेजारच्या पेटीत मिसळावी लागली. दोन घरच्या माशा एकदम एकत्र केल्या तर लढतात, म्हणून मध्ये वर्तमानपत्राचा कागद टाकतात. दोन्हीकडून तो कुरतडेपर्यंत वास एक होतो. मी ज्या आवृत्तीत काम केले तिचाच ताजा अंक घरात होता. दोन दिवसांनी झाकण काढले तर कागदाचा भुगा पेटीसमोर पडला होता.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "तुमचा पेपर कोनी शेवटपर्यंत वाचला, असं आज पयल्यांदा पाह्यलं."

"जाहिरातीसकट," चाचा म्हणाले.

अशा अकरा पेट्या राहिल्या. कांद्याच्या गोंड्यांवर पहिली पांढरी फुले उघडली तेव्हा त्या दोन्ही शेतांमधल्या धुऱ्यावर ओळीने आणून ठेवल्या.

माशा कांद्यावर गेल्या नाहीत. खालच्या अंगाला एका शेतकऱ्याची कोथिंबीर बियाण्यासाठी सोडलेली होती आणि ती फुलली होती. पेटीतून निघालेल्या माशा चाचांच्या तुकड्यावरून सरळ तिकडे जात. चाचा गोंड्यांत उभे राहून त्यांच्याकडे पाहत.

"माह्या कांद्यावर बसाले कमीपना वाटते का याइले?"

"तोंडाचा वास येईन म्हनत असतीन," वहिनी म्हणाल्या.

चाचांनी घरातून जुनी मऊ ओढणी आणली. इकडे बियाणे करणारे माशी कमी असली की तसे करतात. सकाळी दव वाळल्यावर ते एका टोकापासून सुरुवात करत, ओढणी हातावर गुंडाळून प्रत्येक गोंड्यावरून हलकेच फिरवत आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत ऊन चढे. काही सकाळी वहिनीही दुसऱ्या बाजूने सरी धरत. दोघे मध्ये भेटले की बसत, पाणी पीत.

"माश्याइले लाजवता का चाचा?"

"त्याइले पंख हायेत. मले गुडघे हायेत. कोन कोनाले लाजवीन?"

ओढणीने बी धरते, पण सगळ्या फुलांना ती पुरत नाही. एका गोंड्यातली फुले एकदम उघडत नाहीत, आज काही, उद्या काही. चाचांना ते माहीत होते. मी रोज सकाळी धुऱ्यावर उभा राहून गोंड्यांवर माशी दिसते का ते पाहत होतो. दिसत असत त्या बहुतेक घरमाशा.

कोथिंबिरीची फुले गळाली तेव्हा माशा कांद्याकडे वळल्या. आधी धुऱ्यालगतच्या सऱ्यांवर, मग आत. दुपारी तुकड्यात उभे राहिले की सगळीकडून एकसारखा आवाज येई. चाचा त्यानंतरही तीन-चार सकाळी ओढणी घेऊन आले. मग एका सकाळी नुसते येऊन धुऱ्यावर बसले.

वहिनींनी फुलोरा संपताना बरणीची तपासणी पुन्हा केली. अकरांपैकी दोन पेट्यांच्या ताटांत एकेक ठिपका चालला. बाकीच्यांत काही पडले नाही. आमच्या तुकड्यातल्या बियांचे गोंडे आधी काढले, चाचांचे नंतर. ताडपत्रीवर ते वाळवले, काठीने झोडपले, सुपाने पाखडले. काळे बी हाताला येऊ लागले. चाचांनी ते घमेल्यात पाण्यात टाकले. पोकळ बी वर तरंगले, ते त्यांनी ओंजळीने काढून धुऱ्यापलीकडे फेकले. जड बी तळाशी बसले. ते सावलीत वाळवले.

उगवण तपासायला चाचांनी घरून एक गोणपाट आणले. शंभरांत सत्तर बिया उगवल्या तरी कांद्याचे बियाणे चांगले धरतात. ते पाण्यात भिजवून पिळले, त्यावर शंभर बिया ओळींत मांडल्या, गुंडाळी केली आणि आमच्या ओसरीवर रांजणाजवळ ठेवली. सुतळी बांधली नाही. वहिनी रोज त्यावर पाणी शिंपडत होत्या. ठरलेल्या दिवशी चाचा आले, तिघे ओसरीवर बसलो आणि वहिनींनी गुंडाळी उलगडली. चाचांनी एकदा मोजले, वहिनींनी एकदा मोजले, मग मी मोजले. शंभरांपैकी एक्क्याऐंशी उगवल्या होत्या.